पॅरिसच्या रॅम्पवरचा गाऊन नागपुरात शिवताना

मानेवाड्यात बुटिक चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. गिऱ्हाईक पॅरिस फॅशन वीकमधल्या गाऊनचा फोटो मोबाइलवर दाखवतं आणि म्हणतं, "ताई, डिट्टो असाच पाहिजे, वीस दिवसांवर रिसेप्शन आहे." ताई विचारतात: हे कपडे खरंच कोणी घालतं का? एका ड्रेसला लाखो रुपये कसले लागतात? हुबेहूब शिवून दिला तर ते चूक आहे का? आणि नागपुरात बसून आपण त्यातून शिकायचं तरी काय?

मी पॅटर्न कटिंग करते आणि शिकवते. आधी मुंबईला एक्स्पोर्टच्या युनिटमध्ये होते, आता बरीच वर्षं इथेच आहे. हे चारही प्रश्न माझ्या कटिंग टेबलावर सतत येतात, म्हणून सविस्तर लिहिते. माझं म्हणणं आधीच सांगून ठेवते. फोटोत दिसतो तो कपड्याचा सगळ्यात वरचा थर: रंग, भरतकाम, घेर. तेवढंच उचललं की गिऱ्हाईकही नाराज होतं आणि शिवणारीही. त्याखाली जे असतं, म्हणजे कट, कापडाची निवड आणि आतली बांधणी, ते मात्र शिकता येतं आणि आपल्या कापडात उतरवता येतं.

आधी एक गोंधळ दूर करू. 'पॅरिस फॅशन वीक' म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. एक आहे ओत कुत्यूर. त्याचे शो वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, पॅरिसला होतात. हे नाव फ्रान्समध्ये 1945 पासून कायद्याने राखलेलं आहे, कोणीही उठून ते लावू शकत नाही. कपडा गिऱ्हाइकाच्या मापावर, ट्रायल घेऊन शिवलेला असावा. पॅरिसमध्ये स्वतःची कार्यशाळा आणि तिथे ठरलेल्या संख्येने पूर्णवेळ कारागीर असावेत. दर सीझनला किमान 25 पोशाखांचं कलेक्शन दाखवावं, अशा अटी आहेत. या पद्धतीचा पाया घातला चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज माणसाने, 1858 साली पॅरिसला दुकान काढून. तोवर गिऱ्हाईक सांगेल तसं शिवून देण्याची रीत होती. वर्थने डिझाइन आधी स्वतः तयार करून, मुलींच्या अंगावर घालून दाखवून, मग ऑर्डर घ्यायला सुरुवात केली आणि कपड्याच्या आत स्वतःच्या नावाचं लेबल शिवलं. आज आपण बुटिकचं लेबल लावतो त्याचं मूळ तिथे आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे रेडी-टू-वेअर, साइजमध्ये तयार मिळणारे कपडे. त्यांचे शो फेब्रुवारी-मार्चमध्ये पुढच्या हिवाळ्यासाठी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुढच्या उन्हाळ्यासाठी होतात. न्यूयॉर्क, लंडन, मिलान आणि शेवटी पॅरिस असा त्यांचा क्रम असतो. गिऱ्हाइकाने आणलेला फोटो यातल्या कुठल्या प्रकारातला आहे, हे सगळ्यात आधी बघा. कुत्यूरचा असेल तर त्यामागे शेकडो तासांचं हातकाम असतं, भरतकाम दाट असेल तर आकडा हजाराच्या वरही जातो. किमतीचं बरंचसं उत्तर तिथेच आहे. रेडी-टू-वेअरचा असेल तर तो पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या साइजमध्ये शिवता यावा अशा बेताने कापलेला असतो. आपल्या कामाच्या तो जास्त जवळचा.

कोण घालतं? कुत्यूर विकत घेणाऱ्या बायका जगभर मिळून काही हजारच. रेड कार्पेटवर दिसतात ते कपडे बहुतेक वेळा त्या संध्याकाळपुरते दिलेले असतात. मोठ्या फॅशन हाउसचा गल्ला भरतो तो बॅगा, चपला आणि अत्तरांवर; कपड्यांचा शो त्या सगळ्याला वजन देतो. शो जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचा असतो. खरा व्यवहार त्यानंतर शोरूममध्ये होतो. तिथे दुकानांचे खरेदीदार तेच कपडे हँगरवरून काढतात, उलटे करून शिलाई बघतात आणि ऑर्डर लिहितात. रॅम्पवर ज्या कोटाचे खांदे दारातून आत येणार नाहीत इतके रुंद असतात, तोच कोट शोरूममध्ये घालण्याजोग्या खांद्यांचा मिळतो. रॅम्पवर कल्पना लांबून कळावी म्हणून ती मोठी करून दाखवलेली असते. त्यामुळे एका फोटोवरून "वेडेपणा आहे" असं ठरवू नका. कलेक्शन पहिल्या पोशाखापासून शेवटच्यापर्यंत क्रमाने बघा. आणि फोटोंपेक्षा व्हिडिओ बघा, कारण चालताना कापड पडतं कसं, हे फोटो सांगत नाही. पाठीमागची बाजू तर आवर्जून बघा. आपल्याकडे पाठ म्हणजे गळा आणि लटकन एवढंच समजलं जातं. तिकडचा चांगला डिझायनर निम्मा विचार पाठीवर करतो.

बघायचं काय, हे दोन उदाहरणांनी सांगते.

12 फेब्रुवारी 1947 रोजी क्रिस्तियां दिओर यांनी पॅरिसला आपलं पहिलं कलेक्शन दाखवलं. युद्धाची वर्षं नुकतीच सरली होती. कापडावर रेशनिंग, त्यामुळे बायकांचे कपडे आखूड, चौकोनी खांद्यांचे, काटकसरीचे. दिओरने गोल उतरते खांदे, बारीक कंबर आणि पायघोळ घेर दाखवला. 'हार्पर्स बझार'च्या संपादक कार्मेल स्नो यांनी त्याला 'न्यू लुक' म्हटलं आणि तेच नाव राहिलं. त्यातला 'बार सूट' आजही शिकवला जातो: सायीच्या रंगाचं रेशमी जॅकेट, खाली काळा चुणीदार स्कर्ट. फोटो पाहून सगळ्यांना वाटतं, कंबर किती आवळली आहे! पण त्या जॅकेटचं काम कमरेच्या खाली आहे. कमरेपासून नितंबावर येणारा भाग आतून थर भरून बाहेर काढलेला आहे. खाली रुंदी वाढली की वरची कंबर बारीक दिसते. ही गोष्ट ज्याला कळली त्याला गिऱ्हाइकाला श्वास कोंडेपर्यंत आवळण्याची गरज पडत नाही.

आपल्याकडे पेप्लमचे, म्हणजे कमरेखाली झालर असलेले, टॉप शिवतात. दुकानातून निघताना पेप्लम उभा असतो आणि तासाभरात मेलेल्या पानासारखा लोंबतो. कारण सरळ आहे. तो गोल कापलेला असतो, गोलात कापड जागोजागी उरेब (तिरकं) होतं, आणि उरेब कापड ओघळतं. उभा पेप्लम हवा असेल तर तो कळ्यांमध्ये कापा, प्रत्येक कळीच्या मधोमध उभा धागा ठेवा आणि आत ऑर्गेंझाचा (पातळ पण कडक कापडाचा) थर घाला. बकरम नको, त्याने कडक होतो पण आकार येत नाही. बार जॅकेटमधून आपण घ्यायचं ते हे. सायीचा रंग आणि काळा स्कर्ट घेऊन काही साधत नाही.

आणि हाउसची माणसं स्वतःही तेच करतात. जून 2025 मध्ये जोनाथन अँडरसन यांनी दिओरसाठी आपलं पहिलं पुरुषांचं कलेक्शन पॅरिसला दाखवलं, तेव्हा सुरुवातीलाच बार जॅकेटचा आकार पुरुषाच्या ट्वीडच्या (जाड लोकरी कापडाच्या) कोटात आणला. सोबतच्या चड्डीच्या घड्या हाउसच्याच 1948 सालच्या एका ड्रेसवरून घेतल्या होत्या. कापड बदललं, घालणारा बदलला, रेषा तीच.

दुसरं उदाहरण शनेल या पॅरिसच्याच हाउसच्या ट्वीड जॅकेटचं. हे जॅकेट मिळालं तर मी विद्यार्थिनींना आधी आतून दाखवीन. अस्तर ट्वीडला उभ्या टिपांनी जोडलेलं असतं, त्यामुळे सैल विणीचं ट्वीड आकार सोडत नाही आणि जाड कॅनव्हासची गरज उरत नाही. खालच्या काठाला, अस्तराच्या बाजूने, हाताने टाचलेली एक बारीक साखळी असते. तिच्या वजनाने जॅकेट सरळ पडतं. आणि मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती गोलाई, वर कापलेला असतो, काखेच्या जवळ.

या मुंढ्यावर थोडं थांबते, कारण नागपुरातल्या निम्म्या ब्लाउजची तक्रार इथे आहे. गिऱ्हाईक म्हणतं, हात वर होत नाही. आपला टेलर लगेच मुंढा खाली कापतो. आता हात वर केला की अख्खा ब्लाउज वर जातो, खाली कंबर उघडी पडते, आणि काखेत कापडाचा गोळा होतो. मुंढा जितका खाली, तितकी बाही कमरेच्या बाजूला जोडली जाते आणि हात उचलताना ती सगळं कापड ओढून नेते. उपाय उलटा आहे: मुंढा वर ठेवा, काखेजवळ बसता पण न टोचणारा, आणि बाहीच्या वरच्या गोलाईची उंची कमी करून बाही रुंद करा. पहिल्यांदा गिऱ्हाइकाला तो तंग वाटेल. तिला आरशासमोर दोन्ही हात वर करायला सांगा, मग ती स्वतःच बोलेल.

ऑक्टोबर 2025 मध्ये मातिउ ब्लाझी यांनी शनेलसाठी आपलं पहिलं कलेक्शन दाखवलं. त्यात शार्व्हे या पॅरिसच्या जुन्या शर्टवाल्यांबरोबर केलेले साधे शर्ट होते, आणि त्यांच्या खालच्या काठात जॅकेटमधलीच साखळी घातलेली होती. मला संपूर्ण फॅशन वीकमध्ये याच गोष्टीने सगळ्यात जास्त आनंद दिला. लांबून बघणाऱ्याला तो नुसता शर्ट. पण साखळीच्या वजनाने तो अंगावर वेगळा पडतो. आपल्याकडे शिफॉनच्या कुर्त्याचा किंवा जॉर्जेटच्या जॅकेटचा काठ पंख्याखाली उडत राहतो. त्याच्या हेमात बारीक साखळी किंवा पडद्याच्या तळाला घालतात ती वजनाची दोरी घालून बघा. खर्च किरकोळ आहे, फरक लगेच दिसतो.

आता त्या रिसेप्शनच्या गाऊनकडे येऊ, कारण ताईंची खरी अडचण ती आहे. बहुतेक फोटो असतात बिनखांद्याच्या, भरपूर घेराच्या गाऊनचे. आपल्याकडे हा गाऊन शिवला की नवरी सगळी संध्याकाळ छातीजवळ हात नेऊन तो वर ओढत असते. आपण काय करतो? छातीत आणखी घट्ट करतो, वरच्या काठाला इलॅस्टिक घालतो, शेवटी पारदर्शक पट्ट्या लावतो. तरी गाऊन घसरतोच, कारण घेराचं सगळं वजन छातीवर टांगलेलं असतं.

कुत्यूरमध्ये असा गाऊन छातीवर टांगलेला नसतो, तो कमरेवर उभा असतो. आत एक वेगळी, अंगाला चिकटून बसणारी चोळी असते, तिच्या शिवणींवर बोन, म्हणजे आकार धरून ठेवणाऱ्या लवचिक पट्ट्या, घातलेल्या. आणि कमरेच्या सगळ्यात बारीक भागावर आतून एक न ताणणारी पट्टी असते, साधारण इंचभर रुंद, ग्रोग्रेनची (घट्ट विणीच्या फितीची). ती शिवणींच्या मार्जिनला टाचलेली असते, पण चेनजवळ दोन्ही बाजूंना दोन-तीन इंच मोकळी सोडलेली. नवरी आधी ही पट्टी हुकाने कमरेला लावते, मग चेन ओढते. घेराचं वजन पट्टीवर येतं, चेनवर ताण येत नाही, आणि छातीकडचा भाग नुसता टेकून राहतो. पट्टीची लांबी कमरेच्या मापाइतकीच ठेवा, फार तर अर्धा इंच कमी. जेवण झाल्यावरही नवरीला बसता आलं पाहिजे.

ही पट्टी आणि आतली चोळी फोटोत कधीच दिसत नाही. म्हणून डिट्टो करताना ती सुटते, आणि ती सुटली की बाकी डिट्टो करून उपयोग नसतो. शिवण्याआधी मांजरपाटात ट्रायल पीस काढा, त्याशिवाय खऱ्या कापडाला कात्री लावू नका. गिऱ्हाईक म्हणेल, एवढा वेळ कुठे आहे? वीस दिवसांत एक मांजरपाटाची ट्रायल आणि एक खऱ्या कापडाची कच्च्या टाक्यावरची ट्रायल आरामात बसते. दिवस जातात ते भरतकामात. तेव्हा गिऱ्हाइकाशी भरतकाम कमी करण्याचं बोला, ट्रायल कमी करण्याचं नको.

एक गोष्ट गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायला हवी. पॅरिसचा तो गाऊन थंड हॉलमध्ये घालण्यासाठी आहे. आपली लग्नं एप्रिल-मेमध्ये, लॉनवर, पारा 44-45 ला टेकलेला असताना. पॉलिस्टर सॅटिन, त्याखाली कॅन-कॅनचे (घेर फुगवणाऱ्या कडक जाळीचे) चार थर आणि वर नेट, हे मे महिन्यात नागपुरात घालणं म्हणजे त्या मुलीला शिक्षा आहे. घेर हवा असेल तर तो थरांऐवजी कापडाच्या कडकपणातून आणा, आतलं अस्तर मलमलचं ठेवा.

हे कापडाचं मी मुद्दाम लांबवून सांगणार आहे, पण त्याआधी नकलेच्या प्रश्नाचं उत्तर.

ब्रँडचं नाव, लोगो, छापील खास नक्षी यांना हात लावू नका. त्यात ट्रेडमार्क आणि कॉपीराइट येतात. भारतात डिझाइन नोंदवण्याचा 2000 सालचा कायदाही आहे. कट मात्र सगळ्यांचा असतो. उरेब कापण्यावर किंवा कळ्या घालण्यावर कोणाचा हक्क नाही. नकलेचा त्रास पॅरिसलाही जुना आहे. मादलेन व्हिओने या बाईंनी 1920 च्या दशकात उरेब कट इतका पुढे नेला की त्यासाठी त्या नेहमीपेक्षा मोठ्या पन्ह्याचं कापड विणून घ्यायच्या. डिझाइन आधी लहान लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून तयार करायच्या. नकला होतात म्हणून त्या प्रत्येक ड्रेसचे समोरून, बाजूने आणि मागून फोटो काढून ठेवायच्या आणि लेबलवर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा उमटवायच्या. तुम्हीही तुमच्या कामाचे असे तिन्ही बाजूंचे, तारखेसकट फोटो ठेवा. कुणी विचारलंच तर काम तुमचं आहे हे दाखवता येईल.

माझं स्वतःचं मत असं: एखाद्या गिऱ्हाइकाला तिच्या हौसेसाठी एक गाऊन फोटोवरून शिवून देणं वेगळं, आणि तोच "आमचं डिझाइन" म्हणून इन्स्टाग्रामवर टाकून ऑर्डर घेणं वेगळं. पहिलं मी करते, कुठून घेतलं ते सांगून. दुसरं करू नये. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन हाउसने मिलानला पुरुषांच्या शोमध्ये कोल्हापुरी वळणाच्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आपल्याला किती लागलं होतं! कोल्हापुरीला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. टीका झाल्यावर प्राडाने प्रेरणा तिथूनच घेतल्याचं मान्य केलं, त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. त्यांच्याकडून आपण नाव घेण्याची अपेक्षा केली, तर ती आपल्यालाही लागू होते.

आणि पॅरिसचं कापडकाम म्हणजे सगळं परक्याचं, असं समजू नका. तिकडच्या मोठमोठ्या हाउसचं भरतकाम कित्येक वर्षं भारतात होत आलं आहे. मुंबईतल्या चाणक्य या भरतकामाच्या संस्थेने दिओरसाठी केलेलं काम तर जगजाहीर आहे. 30 मार्च 2023 रोजी दिओरने आपलं कलेक्शन मुंबईला गेटवे ऑफ इंडियासमोर दाखवलं ते त्याच नात्यातून. पॅरिसमधल्या लेसाज या नामवंत भरतकाम घराण्यातल्या माणसाने चेन्नईला कार्यशाळा उभी केली. खाटल्यावर बसून आरीची सुई चालवणारा माणूस आपल्या मोमिनपुऱ्यातला असो की मुंबईतला, त्याच्या हाताचा टाका पॅरिसला चालतो. राहुल मिश्रा जानेवारी 2020 मध्ये पॅरिसच्या कुत्यूर वीकच्या अधिकृत वेळापत्रकात कलेक्शन दाखवणारे पहिले भारतीय डिझायनर झाले. पुढच्याच वर्षी वैशाली षडांगुळे तिथे पोचल्या, आणि त्यांच्या कामात चंदेरी, पैठणी आणि आपल्या आईच्या चोळ्यांचा खण आहे. खण पॅरिसला गेला तो जुन्या चोळीच्या रूपात नाही. त्यांनी त्या कापडाच्या दोऱ्या वळल्या, पाकळ्यांसारखे थर रचले, त्याला उंची आणि खोली दिली.

मग आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे कोसा, म्हणजे टसर रेशीम, आहे.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढतात. ढीवर समाजाची माणसं या अळ्या पाखरांपासून राखतात, कोष उतरवतात. भंडाऱ्याकडे मोहाडी-आंधळगाव, इकडे नागभीड आणि नागपुरातले कोष्टी विणकर त्या सुताचं कापड करतात. करवती काठाची साडी तर खास विदर्भाची, तिलाही भौगोलिक मानांकन आहे. अंग टसरचं, काठ सुती, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे करवतीच्या दात्यांची नक्षी. दोन काठांना दोन आणि मधल्या अंगाला एक असे तीन धोटे फिरतात आणि दर फेरीत धागे एकमेकांत अडकवले जातात, म्हणून काठ जोडलेला वाटत नाही, उगवलेला वाटतो.

आता मघाच्या बार जॅकेटकडे पुन्हा बघा. त्याचं कापड होतं शांटुंग, म्हणजे चीनमधल्या शांडोंग प्रांताच्या नावाचं, मुळात रानरेशमाचं, गाठीगाठींच्या पोताचं कापड. आपल्या टसरच्या जवळच्या नात्यातलं. दिओरने मऊ, झुळझुळीत रेशीम घेतलं नाही, कारण त्याला आकार उभा करायचा होता. क्रिस्तोबाल बालेन्सियागा या डिझायनरना तर हवं तसं कडक रेशीम बाजारात मिळेना, तेव्हा त्यांनी 1958 साली अब्राहम या स्विस कंपनीच्या गुस्ताव झुमस्टेग यांच्याबरोबर 'गझार' नावाचं नवं कापड तयार करून घेतलं. त्या कापडातून त्यांनी अंगाला न चिकटता अंगाभोवती उभे राहणारे कपडे काढले. त्यांना जे मुद्दाम बनवून घ्यावं लागलं, त्या स्वभावाचं हातमागाचं कापड आपल्याला भंडाऱ्याला मिळतं. आणि आपण सुरतेचं पॉलिस्टर गांधीबागेतून आणून त्याला बकरम चिकटवत बसतो.

टसर वापरायचं तर काही गोष्टी पाळा. कापड आधी ओलसर करून, सुती फडक्यावरून इस्त्री मारून घ्या, मगच कापा. करवती कापडात अंग टसर आणि काठ सुती असल्याने दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात आटतात. हे आधी केलं नाही तर पहिल्या धुण्यात काठाशी चुण्या पडतात. टसर कडेने फार सुटतं, म्हणून मार्जिन जास्त ठेवा आणि शक्य तिथे फ्रेंच शिवण (कडा आत बंद करणारी) घाला. नवी, बारीक सुई लावा, गाठाळ धाग्यावर बोथट सुई ओढे पाडते. अंगाला लागणाऱ्या भागात मागे मलमलचा थर टाचून दोन्ही एकत्र कापा, म्हणजे शिवणींवर ताण येत नाही आणि घामही शोषला जातो. फार बसतं, फार तंग असं टसरमध्ये शिवू नका. अंगापासून थोडं सुटून उभं राहणं हा त्याचा गुण आहे, तो वापरा.

काठ कापून पट्ट्या लावू नका, ही माझी विनंती आहे. काठ हा कटचा भाग करा. कापड आडवं धरलं की काठ घेराच्या तळाला येतो, आणि त्याच्या वजनाने घेर सरळ पडतो. शनेलची साखळी करते तेच काम इथे विणीतूनच होतं. उभं धरलं तर समोर गळ्यापासून पायापर्यंत करवतीची एकच रेघ येते, बाकी काहीही नक्षी न लावता. मी असं एक लांब जॅकेट कापलं होतं, खांद्यात एक चुणी आणि पाठीवर काठाची उभी जोड. रिसेप्शनला आलेल्या बायका नवरीच्या मागे जाऊन ते बघत होत्या.

तेव्हा पुढच्या वेळी फोटो दाखवला गेला की गिऱ्हाइकाला विचारा: यातलं तुम्हाला नेमकं काय आवडलं? खांदा? पाठ? घेर? रंग? बहुतेक वेळा उत्तर एकाच गोष्टीवर येतं. ती एक गोष्ट नीट करा आणि बाकीचं तिच्या अंगाप्रमाणे, ऋतूप्रमाणे, खर्चाप्रमाणे ठरवा. गिऱ्हाइकाला आपण ऐकून घेतलं जातंय हे कळतं, आणि 'डिट्टो'चा हट्ट बऱ्याचदा तिथेच सुटतो.

शिकण्यासाठी वेळ कुठून काढायचा, असंही ताईंनी पुढे विचारलं आहे. पितृपक्षात आपल्याकडे ऑर्डर मंदावतात, आणि तिकडच्या शोंचा मोसम साधारण त्याच सुमाराला असतो. ते दिवस यासाठी ठेवा. रोज एका हाउसचं पूर्ण कलेक्शन, रेषा वहीत काढून. न्यूयॉर्कचं मेट आणि लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर जुन्या कुत्यूर कपड्यांचे फोटो फुकट बघता येतात, मोठे करून शिवणी मोजता येतात. मग तुळशीचं लग्न होऊन सीझन सुरू व्हायच्या आत एक नमुना मांजरपाटात आणि एक टसरमध्ये करून दुकानात टांगा. गिऱ्हाइकाला हात लावून बघू द्या.

आणि दराचं. आपल्याकडे "गाऊनची शिलाई" असा एकच आकडा सांगतात आणि मग त्यातच पॅटर्न, ट्रायल, आतली चोळी, हाताची तुरपाई सगळं दडपलं जातं. बिलात वेगळं लिहा: पॅटर्न आणि मांजरपाटाची ट्रायल इतके, आतली बांधणी इतकी, शिलाई इतकी, हातकाम इतकं, कापड इतकं. पॅटर्नचे पैसे आगाऊ घ्या. कोणी म्हणेल, शेजारचा टेलर एवढे घेत नाही. तिला नमुन्याचा गाऊन उलटा करून आतली कमरेची पट्टी दाखवा, घालून बघायला द्या, आणि दोन्ही हात वर करायला सांगा.